साखळीवाला पार्मिस आणि माझी बाकीची मालमत्ता

मी, दामागोरस, फिलिनोसचा मुलगा, राहणार थिमिना बेट, वय वर्षे शहात्तर, धंदा इतिहास लिहिणे, आज स्वखुशीने हे मृत्युपत्र करून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. डोळे अधू झालेत आणि उजवा गुडघा माझे ऐकत नाही, पण मृत्युपत्राच्या कामी त्या दोघांना कोणी विचारत नाही. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. उलट गेली अकरा वर्षे हे लिहू नये म्हणून मीच स्वतःवर दडपण आणत होतो, ते आज उठवतो. देवांच्या मनात असेल तर अजून दोनचार हिवाळे काढीन आणि ही गुंडाळी पेटीत पडून राहील. नसेल तर माझ्या पश्चात खाली लिहिल्याप्रमाणे व्हावे.

कलम पहिले. बंदराच्या चढणीवरचे घर, त्याची विहीर, अंगणातली अंजिराची दोन झाडे आणि मागची ऑलिव्हची ओळ, हे सर्व माझ्या बहिणीचा मुलगा फिलेअस याला द्यावे. मला मूलबाळ नाही. या लेखाने मी फिलेअसला दत्तक घेतो, म्हणजे दरवर्षी माझ्या थडग्यावर दूध-मध ओतायला हक्काचे कोणी राहील. फिलेअस मनाने चांगला आहे. वीस वर्षे तो मला सांगतो आहे, "मामा, तुमचा पहिला खंड म्हणजे काय वर्णावा!" ग्रंथाचे खंड नऊ आहेत. बाकीच्या आठांबद्दल त्याने कधी तोंड उघडले नाही आणि मीही कधी विचारले नाही. नाते टिकवायचे तर काही प्रश्न गिळावे लागतात. अंजिराचे डावीकडचे झाड तोडू नये. ते माझ्या बायकोने, क्लेनोने, लावले आहे.

कलम दुसरे. क्लेनोचा आरसा, तिचे माग आणि लोकरीच्या टोपल्या तिच्या धाकट्या बहिणीला द्याव्यात. क्लेनो जाऊन चौदा वर्षे झाली. मी वर्षातले आठ महिने घराबाहेर असे. कुठल्या लढाईत कोणती फळी आधी मोडली हे विचारत मी खेचरावरून गावोगाव हिंडत होतो, आणि ती इथे बसून माझ्या घोंगड्या विणत होती. ती एकदा म्हणाली, "सगळ्या जगाला विचारत फिरता, मला एकदा तरी विचारा की कशी आहेस." मी हसलो. तिला विचारायचे राहून गेले, याचे मला आजही वाईट वाटते.

कलम तिसरे. माझा लेखनिक तिबिअस, जन्माने पाफ्लागोनियाचा, तीस वर्षांपूर्वी मी विकत घेतलेला, याला माझ्या मरणानंतर स्वतंत्र करावे. त्याच्यावर कोणी हक्क सांगू नये. माझे नऊ खंड त्याने नऊ वेळा उतरवले आहेत. त्याच्या अक्षरात माझा इतिहास माझ्यापेक्षा हुशार दिसतो. हे मृत्युपत्रही तोच लिहून घेतो आहे, आणि हे कलम सांगताना त्याने बोरू जरा जास्तच जोरात दाबला. त्याचे कारण मी विचारले नाही.

कलम चौथे. कोस बेटावरचा हेगेलोखस हाही स्वतःला इतिहासकार म्हणवतो. माझ्या चौथ्या खंडातला सगळा दुष्काळ त्याने जसाच्या तसा उचलला, आणि माझा उल्लेख केला तो असा: "काही जण म्हणतात." त्याने स्वतः भेट दिलेली त्याच्या ग्रंथाची प्रत माझ्याकडे पडून आहे. ती "काही जणां"कडून त्याला साभार परत करावी. तिच्यात खारवलेले मासे मी बांधले नाहीत, एवढे माझे उपकार त्याने मानावेत. सोबत माझ्याकडची पातळ झालेली शाईची कुपीही द्यावी. त्याला पातळ पदार्थांची आवड आहे.

कलम पाचवे माझ्या मानमरातबाचे. हे जरा लांबेल. साक्षीदारांनी हवे तर बसून घ्यावे.

तीस वर्षांपूर्वी दिओनिसोस देवाच्या उत्सवात, इथल्या नाट्यगृहात, मी माझा ग्रंथ तीन दिवस वाचला. तिसऱ्या दिवशी लोक उठून उभे राहिले. तेव्हापासून माझ्या नावावर पुढील गोष्टी आहेत: सोन्याच्या पानांचा एक मुकुट, नाट्यगृहातले पुढच्या रांगेतले आसन, सभागृहात तहहयात जेवण आणि चौकात काशाचा पुतळा. पुतळ्याच्या डोक्यावर समुद्रपक्षी बसतात आणि त्यांना जे करायचे ते करतात. माझ्या ग्रंथावरचे सगळ्यात प्रामाणिक मत ते असावे. ग्रंथाची एक प्रत रोड्सला आहे, एक अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयात. तिकडून आलेला एक विद्वान मला म्हणाला, "दामागोरस, आमची नातवंडंसुद्धा तुम्हाला वाचतील." त्या दिवशी मला जेवण गेले नाही, इतका मी सुखावलो होतो.

या सगळ्या मानाचा पाया आहे माझा पाचवा खंड, आमच्या बंदराच्या वेढ्याचा. आणि पाचव्या खंडाचा पाया आहे साखळीवाला पार्मिस.

मी विशीत होतो तेव्हाची गोष्ट. राजाच्या सरदाराने समुद्राकडून आम्हाला वेढले होते. बंदराच्या तोंडाशी जाड लोखंडी साखळी होती आणि तिचा राखणदार पार्मिस. सभेचा लेखी हुकूम असल्याशिवाय ती उतरवायची नाही, असा नेम होता. एके सकाळी समोरच्या मिंदोस गावची धान्याची तीन गलबते आली, साखळी खाली गेली, गलबते आत आली, आणि वारा पाठीशी घेऊन त्यांच्या मागोमाग शत्रूच्या नावाही आत घुसल्या. साखळी परत ओढेपर्यंत खालचे बंदर पेटले होते. एक्केचाळीस घरे गेली, हुकूमनाम्यांची खोलीही गेली. पार्मिस जन्मभर सांगत राहिला, "माझ्याकडे हुकूम आला होता, तो जळाला." सभेने ठराव केला होता हे सगळे मानत, पण तो आगीच्या आधी की नंतर, याची सभेतले जे उरले होते त्यांनी मुद्दाम आठवण ठेवली नाही. काही लोक त्याच्यावर विश्वास ठेवत, काही ठेवत नसत. असेच चालले होते.

मग सव्वीस वर्षांनी मी आलो. म्हाताऱ्यांना विचारले, आग कधी लागली? कोणी म्हणे कार्नेइओस महिन्यात, कोणी म्हणे त्याच्या पुढच्या. मी म्हटले, माणसे विसरतात, दगड विसरत नाही. आमच्या चौकातल्या शिळेवर सभेचा ठराव कोरलेला आहे: मिंदोसची गलबते येतील तेव्हा साखळी उतरवावी, तारीख कार्नेइओसची वीस. मग मी मिंदोसला जाऊन तिथली शिळा वाचली. गलबते आमच्या बंदरात शिरली ती कार्नेइओसच्या नवव्या दिवशी. झाले! हुकूम विसाव्याला, आणि साखळी उतरली नवव्याला. अकरा दिवस आधी. म्हणजे पार्मिसने हुकमाशिवाय साखळी उतरवली, म्हणजे तो फितूर होता. हा शोध लावला तेव्हा मी मिंदोसच्या चौकात एकटाच टाळी वाजवली होती.

महिन्यांचा घोळ आपल्याकडे कोणाला सांगायला नको, पण पुढे ही गुंडाळी कोणाच्या हाती लागेल कोण जाणे, म्हणून लिहितो. दर गावाचे महिने त्या त्या गावाचे. चंद्राचा आणि पिकाचा मेळ बसेनासा झाला की गावची सभा एखादा महिना दोनदा घेते. अधिक महिना कोणत्या वर्षी घालायचा हे शेजारच्या गावाला कोणी विचारत नाही, कळवतही नाही. त्या वर्षी मिंदोसने कार्नेइओस दोनदा घेतला होता. आम्ही घेतला नव्हता. त्यांचा दुसरा कार्नेइओस म्हणजे आमचा पुढचा महिना. गलबते शिरली ती दुसऱ्याच्या नवव्या दिवशी, म्हणजे हुकमानंतर एकोणीस दिवसांनी. पार्मिसने हुकूम पाळला होता. मी फक्त महिने जुळवले, मधला एक मोजलाच नाही.

वाचनाच्या तिसऱ्या दिवशी पार्मिस सगळ्यात वरच्या पायरीवर बसला होता. छप्पन वर्षांचा. मी त्याचे नाव वाचले, तो उठला आणि खाली मान घालून पायऱ्या उतरून गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या त्याची पाठ दिसत असतानाच. साखळीचे काम त्याच्याकडून आधीच गेले होते. तो बाकी बेटासारखाच समुद्राच्या तळाचे स्पंज काढून पोट भरत होता. पाणबुड्याचा जीव वरच्या माणसाच्या हातात असतो. खाली दम संपला की तो दोराला हिसका देतो आणि वरचा ओढतो. माझे वाचन झाल्यावर पार्मिसचा दोर धरायला थिमिनात एकही माणूस तयार होईना. मग त्याची मुलगी मिर्तो त्याच्याबरोबर होडीत जाऊ लागली. मुलींनी होडीत जायचे नाही अशी रीत आहे, पण कोणी अडवले नाही. ती होडी कोणाला आपली वाटतच नव्हती. दोन वर्षांनी एका सकाळी तो खाली गेला आणि त्याने हिसका दिला नाही. मिर्तो सोळा वर्षांची होती. तिला एकटीला तो ओढवेना.

बापाचे क्रियाकर्म झाल्यावर ती माझ्या दारात आली. माझ्याकडे पाहुणे जेवायला होते. ती उंबऱ्यातूनच म्हणाली, "तुमच्या पुस्तकात महिना चुकलाय."

मी म्हटले, "कोण म्हणतं?"

"माझी आई. ती मिंदोसची. त्या वर्षी तिकडं कार्नेइओस दोनदा झाला. सणाचे मेंढे दोनदा कापायला लागले म्हणून आजोबा वर्षभर करवादत होते."

मी पाहुण्यांकडे पाहिले आणि म्हणालो, "पोरी, इतिहास दगडावरून लिहितात, मेंढ्यांवरून नाही."

पाहुणे पोट धरून हसले. माझे ते वाक्य पुढे दहा वर्षे बेटावर फिरत होते. ते मी बोललो याची मला आज जितकी लाज वाटते तितकी दुसऱ्या कशाची वाटत नाही.

अकरा वर्षांपूर्वी मिंदोसने माझा सत्कार केला. जेवताना त्यांचा म्हातारा पुजारी हसत म्हणाला, "वेढ्याच्या वर्षी तर आम्ही मेंढ्याला विटलो होतो. एकाच वर्षात दोन सण! आमच्या सभेचं डोकं फिरलं होतं!" माझ्या हातातला घास हातातच राहिला. सकाळी मी त्या शिळेपाशी गेलो. तारखेची ओळ होती तशीच होती. तिच्या खाली गवत होते. पहिल्या वेळी मी उभ्याउभ्याच वाचले होते; मी तेव्हा पन्नाशीचाही नव्हतो, गुडघे धड होते, तरी वाकलो नव्हतो. आता दुखऱ्या गुडघ्यावर बसलो, गवत उपटले, माती खरवडली. खाली एक ओळ आणखी होती: दुसऱ्या वेळचा.

परत आलो तर बंदरावर लोक हार घेऊन उभे. मी मनात म्हटले, उद्या सांगू. त्या उद्याला अकरा वर्षे झाली.

म्हणून कलम सहावे असे लिहिले होते: माझ्या मरणानंतर फिलेअसने ओळीने तीन वर्षे, दिओनिसोसच्या उत्सवात, नाट्यगृहात उभे राहून, वरील चूक आणि तिची दुरुस्ती मोठ्याने वाचावी. एक वर्ष चुकले तर घर त्याला मिळू नये.

हे कलम लिहून झाल्यावर मी मिर्तोला बोलावले. ती आता चव्वेचाळीसची आहे, बाजारात स्पंज विकते. पाटी दारात ठेवून ती उभी राहिली. बस म्हटले तरी बसली नाही. तिबिअसने सगळे वाचून दाखवले. मला वाटले होते ती रडेल. खरे सांगतो, ती रडावी अशी माझी तयारी झाली होती.

ती म्हणाली, "म्हणजे हे तुम्ही मेल्यावर?"

"बाई, मृत्युपत्र मेल्यावरच उघडतात."

"आणि तुम्हाला ठाऊक कधीपासून?"

"अकरा वर्षं."

"अकरा." तिने पाटीतला एक स्पंज उचलला आणि पुन्हा ठेवला. "तुम्ही माझ्या बापाला फितूर म्हणालात ते जिवंतपणी म्हणालात ना? त्याच्या तोंडावर, सगळ्या गावासमोर? मग हे पण जिवंतपणीच वाचा. मेलेल्या माणसाला कोण काय बोलणार? फुकटात सुटाल तुम्ही."

"माझं वय बघ, मिर्तो. मुकुट जाईल, जेवण जाईल, लोक तोंडावर थुंकतील."

"माझ्या बापाचंही वय होतं."

यावर तिबिअस खोकला. मी म्हटले, "तुला काय झालं?"

तो म्हणाला, "काही नाही, मालक. मेल्यावर द्यायच्या गोष्टींचं कलम तिसरंही आहे, एवढंच आठवलं."

तीस वर्षांत हा माणूस माझ्याशी असे कधी बोलला नव्हता. मी दोन्ही कलमे बदलायला सांगितली, ती अशी:

कलम तिसरे रद्द. तिबिअस आजपासून, या क्षणापासून, स्वतंत्र आहे. पुढचे शब्द तो मजुरी घेऊन लिहीत आहे.

कलम सहावे रद्द. फिलेअसने काहीही वाचू नये. सहा दिवसांनी उत्सव आहे. मी स्वतः वाचीन.

त्यानंतर सभा माझे मान काढून घेईल. घर राहिले तर फिलेअसचे. मिर्तोला मी ऑलिव्हची ओळ देऊ केली, ती म्हणाली, "मला तुमचं काही नको, मला माझं हवंय." म्हणून तिच्या नावे काही लिहिलेले नाही.

साक्षीदार: अंत्यक्रियांचा व्यवस्थापक सोसिस्त्रातोस, वैद्य मेलांथिओस, शेजारी एपिगोनोस, जो हे ऐकता ऐकता दोनदा "अरे देवा" म्हणाला.
सही: दामागोरस, फिलिनोसचा मुलगा.
थिमिना, लाम्पोन पुजारी असतानाचे वर्ष, उत्सवाआधी सहा दिवस.

पुरवणी

वरील मृत्युपत्राला आज ही पुरवणी जोडतो. काल उत्सव सुरू झाला.

मी पुढच्या आसनावरून उठून मध्यभागी गेलो. फिलेअसने हात धरला होता, तो मी सोडवला. सगळे वाचले: दोन शिळा, दुसरा कार्नेइओस, मेंढे, दारातल्या पोरीला मारलेला टोमणा, अकरा वर्षांचे मौन. पार्मिसचे नाव पाच वेळा घेतले. आवाज शेवटच्या पायरीपर्यंत पोचला, कारण मिर्तो तिथे बसली होती आणि मी तिच्याकडे बघूनच वाचत होतो. वाचून झाल्यावर मी गुंडाळी खाली ठेवली आणि वाट पाहिली. दगड, शिव्या, जे काही येईल ते घ्यायची माझी तयारी होती.

कोणीतरी ओरडले, "वाहवा! याला म्हणतात माणूस!"

मग दुसरा. मग सगळे नाट्यगृह उठून उभे राहिले. सभेचा अध्यक्ष डोळे पुसत पुढे आला. "स्वतःची चूक कबूल करणारा इतिहासकार आणखी कोणत्या बेटावर आहे? कोसला आहे?" त्याने जागच्या जागी ठराव मांडला की सत्यप्रियतेबद्दल दामागोरसला दुसरा मुकुट द्यावा. हात वर झाले. मी ओरडत होतो, "अरे, पार्मिसचं काय? पार्मिसला काय देता?" टाळ्यांत ते कोणाला ऐकू गेले नाही. माझ्या मागच्या रांगेतला एक तरुण शेजाऱ्याला विचारत होता, "पार्मिस कोण रे?"

हे कमी म्हणून की काय, घरी येताना मासळीबाजारात एक गिऱ्हाईक कोळ्याशी भांडत होते. कोळी माप हलके भरत होता म्हणे. गिऱ्हाईक म्हणाले, "ए पार्मिस, नीट भर की!" दोघांच्याही डोक्यात नाट्यगृहातली फुले अजून होती, दोघांनीही तासापूर्वी टाळ्या वाजवल्या होत्या. फितुराला, लबाडाला आमच्या बेटावर पार्मिस म्हणतात. खेळात रडीचा डाव खेळणाऱ्या पोरालाही म्हणतात. इतकी वर्षे मीही ऐकत आलो, पण कालपर्यंत तो शब्द कोणाचे नाव आहे हे माझ्या कानाला कधी लागलेच नव्हते. ग्रंथाची कीर्ती म्हणतात ती हीच. माझ्या लिहिण्यातले हेच एक अक्षर लोकांच्या तोंडात बसले आहे.

संध्याकाळी मिर्तो आली. सभेचा माणूस नुकताच नवा मुकुट ठेवून गेला होता. मी तो तिच्यापुढे धरला.

ती म्हणाली, "आणि काय करू ह्याचं? शेळीला घालू?" आणि मग, जरा थांबून, "तुम्ही वाचलंत, मी नाही म्हणत नाही. नीट वाचलंत. पण बघा ना, पुन्हा तुमचंच नाव मोठं झालं."

"पाचव्या खंडात दुरुस्ती घातली आहे, मिर्तो. तिबिअसनं कालच लिहून..."

"पाचव्यापर्यंत कोण जातं?"

फिलेअस तिथेच होता. तो जमिनीकडे बघू लागला. या एका बाबतीत त्याच्याइतका जाणकार साक्षीदार मिळणार नव्हता.

मी रात्रभर जागा होतो असे लिहिणार नाही; म्हातारा माणूस झोपतो. पण सकाळी उठलो तो ठरवूनच उठलो. आम्ही इतिहास लिहिणारे ग्रंथाच्या पहिल्या वाक्यात स्वतःचे नाव घालतो. माझ्याआधीच्यांनी घातले, हेगेलोखसने तर गावासकट आणि बापासकट घातले आहे. माझा ग्रंथ असा सुरू होतो: थिमिनाच्या दामागोरसने हे लिहिले, म्हणजे माणसांनी केलेले विसरले जाऊ नये. बाकी काही वाचले नाही तरी एवढे वाक्य सगळे वाचतात. गुंडाळी उघडली की तेच दिसते, यादीत तेच उतरवतात, ग्रंथाला तेच नाव पडते.

म्हणून कलम सातवे, आणि शेवटचे. माझ्या ग्रंथाचे पहिले वाक्य काढून त्या जागी हे घालावे: "थिमिनाच्या साखळीचा राखणदार पार्मिस याने हुकूम मिळाल्यावरच साखळी उतरवली; तो निर्दोष होता; त्याला फितूर म्हणण्याची चूक ज्याने केली त्यानेच हा ग्रंथ लिहिला आहे." माझे नाव ग्रंथात कुठेही राहू नये. घरातल्या सातही प्रतींत हा बदल आज झाला आहे. रोड्सला आणि अलेक्झांड्रियाला नवे पहिले पान आणि पत्र घेऊन तिबिअस परवाच्या गलबताने निघतो आहे. जाण्यायेण्याचा खर्च आणि मजुरी माझी. ग्रंथ मागायला येणाऱ्याला यापुढे त्याच पहिल्या पानाची नक्कल द्यावी. दोन्ही मुकुट सभेला परत करावेत. पुतळ्याचे काय करायचे ते पक्ष्यांना विचारावे.

तिबिअस म्हणाला, "नाव काढलं तर पुढं लोक तुम्हाला शोधणार कसे, मालक?"

"मालक म्हणू नकोस."

"कसे शोधणार, दामागोरस?"

मला वाईट वाटते आहे, फार वाईट वाटते आहे, खोटे कशाला बोलू. शहात्तर वर्षे ज्यासाठी जगलो ते मी आज स्वतःच्या हाताने सोडतो आहे. गुंडाळीचे पहिले पान नुसते चिकटवलेले असते, ते कापायला फारसा वेळ लागत नाही. पहिल्या प्रतीवर तिबिअसचा हात थांबला, तेव्हा सुरी मी घेतली. बाकीच्या सहा त्याने कापल्या.

नवे पान वाळल्यावर मिर्तोला बोलावले. तिला वाचता येत नाही. तिबिअसने पहिले वाक्य वाचले. ती पाटी खाली ठेवून या घरात पहिल्यांदा बसली आणि म्हणाली, "परत वाचा."

त्याने परत वाचले.

"माझ्या बाबांचं नाव आधी येतं?"

"सगळ्यात आधी," तो म्हणाला.

"परत वाचा."

त्याने सात वेळा वाचले, प्रत्येक प्रतीवरून एकदा. सातव्या वेळी ती रडली. मीही रडलो, आणि त्याबद्दल कोणाची माफी मागत नाही.

ही पुरवणी कायद्याने खरी ठरायची तर तिच्यावर माझे नाव लागते. म्हणून इथे लिहितो.

सही: दामागोरस, फिलिनोसचा मुलगा.

साक्षीदार: सोसिस्त्रातोस. मेलांथिओस. एपिगोनोस.
वाचून समजून मान्य: फिलेअस, दत्तक मुलगा. मी आजपासून दुसरा खंड सुरू केला आहे.
लेखन: तिबिअस, स्वतंत्र माणूस.
निशाणी, अंगठ्याची: मिर्तो, साखळीचा राखणदार पार्मिस याची मुलगी. बाईची साक्ष आमच्या सभेत चालत नाही. तरी घेतली आहे.

थिमिना, लाम्पोन पुजारी असतानाचे वर्ष, उत्सवाचा दुसरा दिवस.